ब्रश कटरच्या गोंगाटात गाणी ऐकायला २५ हजार घालावेत का?

प्रश्न: सर, दिंडोरी तालुक्यात आमची तीन एकर द्राक्षबाग आहे. घराभोवतीचं आणि बांधावरचं गवत मी स्वतः ब्रश कटरने काढतो. फवारणीला ट्रॅक्टरवर ब्लोअर, म्हणजे पंख्याने औषध उडवणारं यंत्र असतं. माझ्याकडे पंधराशेचे इअरबड्स आहेत, पण मशीन चालू झालं की फुल आवाज करूनही गाणं कळत नाही. म्हणून नॉइज कॅन्सलिंग हेडफोन बघितले. नाशिकला एमजी रोडवर रोखीने २२,५०० सांगतात. ऑनलाइन क्रेडिट कार्डवर नो कॉस्ट ईएमआयने २४,९९०, नऊ हप्ते. घ्यावेत का? बायको म्हणते, वेड लागलंय.

उत्तर: वहिनींच्या बाजूने निकाल देऊन मोकळं होता आलं असतं. पण दिवसभर उन्हात राबणाऱ्याने गाण्यांवर पैसे घातले तर मला त्यात काही वावगं दिसत नाही. माझी हरकत दोन ठिकाणी आहे: हप्त्याला, आणि ज्या कामासाठी तुम्ही ते घेताय त्याला.

आधी हप्ता. तीच वस्तू रोखीने २,४९० रुपयांनी स्वस्त मिळतेय, म्हणजे व्याज किमतीतच बसवलंय. शिवाय कार्डाची प्रोसेसिंग फी, तिच्यावर जीएसटी आणि व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी धरा. एकूण तीनेक हजार जादा जातात. २२,५०० उसने घेऊन नऊ महिन्यांत २५,५०० फेडले, तर तो दर वर्षाला तीस टक्क्यांच्या आसपास पडतो. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावलंय. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर आपल्याकडे बिनव्याजी पडतं. ज्याला ते मिळतं त्याने तीस टक्क्यांनी गाणी ऐकायची? (आणि नाही, पीककर्जातूनही घेऊ नका. विचाराल म्हणून आधीच सांगतो.)

त्यात वेळ बघा. आत्ता घेतले तर पहिले चार-पाच हप्ते नेमके गोडी छाटणीच्या, म्हणजे फळासाठी वेल छाटायच्या हंगामात येतात. छाटणीची मजुरी, डोळे फुटायला लावायची पेस्ट, डावणी या बुरशीरोगाची औषधं, पुढे घड संजीवकात बुडवणं (डिपिंग) आणि मणी विरळ करणं (थिनिंग). या महिन्यांत घरातून पैसा नुसता बाहेर जातो. आत येतो तो फेब्रुवारीनंतर, तोही व्यापाऱ्याचा चेक वटला तर. वर्षातून एकदा पैसा येणाऱ्या घराला महिन्याचा हप्ता मुळात मानवत नाही, मग तो २,७७७ रुपयांचा का असेना. एक हप्ता चुकला की कार्डाचं व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांनी लागतं.

आता कामाचं. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन बाहेरचा आवाज माइकने टिपतो आणि त्याच्या उलट लहर कानात सोडतो. विमानाची घरघर, एसटीचं इंजिन अशा खालच्या, एकसुरी आवाजावर हे झकास चालतं. ब्रश कटरचं इंजिन मिनिटाला सात-आठ हजार फेरे मारतं. त्याचा किंचाळणारा सूर आणि पात्यावर खडा लागल्याचा टणत्कार यांतलं बरंच काही त्यातून निसटतं. हे हेडफोन कान वाचवायचं साधन म्हणून विकलेच जात नाहीत. शिवाय घाम आहे, औषधाचा फवारा आहे. कानावरच्या गाद्या ते शोषून घेणार आणि वॉरंटीवाला हात वर करणार.

गाणं फुल करूनही कळत नाही, हे तुमचं वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. ८५ डेसिबलचा आवाज कान आठ तास सोसतो असं धरतात. दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते: ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं. पेट्रोलचं ब्रश कटर चालवणाऱ्याच्या कानाशी सहज ९५-१०० भरतं. त्यावर मात करणारं गाणं म्हणजे त्यात आणखी भर. आतल्या पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. माझ्या मामांनी वीस-पंचवीस वर्षं बिनकेबिनच्या ट्रॅक्टरवर ब्लोअर चालवला. दोन्ही कानांची यंत्रं सत्तर हजारांना पडली आणि मेडिक्लेमने त्यातलं काही दिलं नाही. बहुतेक पॉलिसींत ते बसतच नाही.

मग घ्यायचं काय? सातपूर-अंबडकडे सेफ्टीचं सामान विकणाऱ्या दुकानात जा आणि कारखान्यात वापरतात तसा इअरमफ, म्हणजे आवाज अडवणारं कानावरचं झाकण मागा. हजार-पंधराशेत येतो. डब्यावर एनआरआर किंवा एसएनआर आकडा, म्हणजे आवाज किती डेसिबलने दबतो ते छापलेलं असतं, जास्त आकड्याचा घ्या. आकड्याएवढा आवाज मात्र कमी होत नाही. एनआरआर २४ असेल तर त्यातून ७ वजा करून निम्मे धरायचे, म्हणजे आठ-नऊ डेसिबल. चष्म्याच्या काड्या किंवा टोपी गादीखाली आली की तेही गळतं. या मफच्या आत तुमचे तेच पंधराशेचे इअरबड्स घाला. बाहेरचा गोंगाट दबला की गाणं बारीक आवाजातही ऐकू येतं. फोनमध्ये आवाजाची मर्यादा लावून ठेवा. ब्लूटूथ बसवलेले मफही मिळतात, पण मी आधी हा जुगाड एक महिना करून बघितला असता. बांध लांबलचक असेल तर गाणं बंद ठेवा आणि मफच्या आत फोमचे प्लग घाला, वीस-तीस रुपयांची जोडी असते.

ट्रॅक्टरवर मफ घाला, पण गाणी नकोत. मागे पीटीओ, म्हणजे ब्लोअरला फिरवणारा ट्रॅक्टरचा दांडा फिरत असतो. कुणी ओरडलं तर कळायला हवं.

एवढं करून मार्चमध्ये चेक वटल्यावरही ते हेडफोन हवेसे वाटले, ओट्यावर निवांत बसून ऐकायला, तर रोखीने घ्या. तोवर भावही उतरलेला असेल कदाचित. आणि आत्ता मफ आणायला जाल तेव्हा एक नाही, दोन आणा. तुम्ही नसताना ते ब्रश कटर गडी चालवतो ना?