वाचकांचे प्रश्न : संघनायकाच्या हातात काय द्यायचं?

प्रश्न : जिल्हा परिषदेच्या शाळेतलं स्काऊट पथक यंदा माझ्याकडे आलं आहे. ३२ मुलं, चार संघ. संघनायक नेमले आहेत, पण ते रांगा लावण्यापलीकडे काही करत नाहीत. लहानसहान गोष्टही शेवटी माझ्याकडेच येते. डिसेंबरात लोहगडला एका दिवसाची हाईक न्यायची आहे. मुलांनी ती स्वतः पार पाडावी असं वाटतं. सुरुवात कुठून करू?
– स्काऊट मास्तर, पुणे जिल्हा

उत्तर : आधी तुमचे संघ कसे पाडले आहेत ते पाहा. पुष्कळ शाळांत सोयीसाठी सातवी अ चा एक संघ, सातवी ब चा दुसरा, अशी वाटणी होते. सगळे एका वयाचे, एका वर्गातले. तिथे नायकाला दुसऱ्याला शिकवण्यासारखं काही उरत नाही, आणि तो मॉनिटर होऊन बसतो. संघ सहा ते आठ जणांचा आणि मिश्र वयाचा हवा : नववीचे दोन, आठवीचे तीन, सातवीचे दोन-तीन. १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावरच्या पहिल्या शिबिरात स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी मुलांचे चार संघ पाडले आणि प्रत्येक संघाची जबाबदारी त्यातल्याच एका मुलावर टाकली. पथक म्हणजे असे संघ एकत्र आलेले. ३२ मुलांचा एक घोळका करून मग त्याचे चार तुकडे करायचे नाहीत.

दुसरी नेहमीची चूक कामवाटपात होते. एका संघाने सगळ्यांसाठी स्वयंपाक करायचा, दुसऱ्याने सामान वाहायचं, तिसऱ्याने झाडलोट करायची. यात नायक हा ठेकेदार होतो. त्याऐवजी प्रत्येक संघाने स्वतःचं सगळं स्वतः करावं : स्वतःचं पाणी, स्वतःची प्रथमोपचार पेटी, स्वतःचा हिशेब, स्वतःचा कचरा. संघात सहनायक, खजिनदार, सामान सांभाळणारा, टिपण ठेवणारा आणि प्रथमोपचारवाला, अशी प्रत्येकाला काहीतरी जबाबदारी द्या. सातवीतल्या पोराकडेही ती हवी.

आता लोहगड. चार आठवडे आधी कोर्ट ऑफ ऑनरची, म्हणजे संघनायकांच्या सभेची, बैठक घ्या. चारही संघनायक बसतील, तुम्ही सल्लागार म्हणून बाजूला बसा. तारीख, लोकलची वेळ, माणशी खर्च, वाटेतल्या थांब्याच्या जागा आणि मागे फिरायची वेळ त्यांनी ठरवावी आणि वहीत लिहावी. मळवली स्टेशनवरून भाजे, गायमुख खिंड करत लोहगडवाडी गाठायला मोठ्यांना साधारण दोन तास लागतात. पथकाला तीन धरा. पायऱ्या चढून वर जायला आणखी तास. मागे फिरायची वेळ लिहिलेली असली की 'अजून थोडंच राहिलंय' हा वाद वाटेत होत नाही. साडेबाराला जिथे असू तिथून परत, असं त्यांनीच ठरवलेलं असतं.

चालताना नायकाने सर्वांत पुढे राहू नये. पुढे नकाशावाला, त्याच्या लगेच मागे सर्वांत हळू चालणारा, शेवटी सहनायक, आणि नायक मधोमध, जिथून त्याला दोन्ही टोकं दिसतात. हळू चालणारा शेवटी राहिला की होतं असं : पुढचे थांबून दम खातात, तो धापा टाकत पोहोचतो आणि त्याच क्षणी सगळे पुन्हा निघतात. त्याला विश्रांती मिळतच नाही, आणि दुपारी पाय मुरगळतो तो त्याचाच. हजेरी तुम्ही घेऊ नका. स्टेशनवर, खिंडीत, महादरवाज्यात आणि परतीच्या फलाटावर प्रत्येक नायक आपली पोरं मोजून तुम्हाला आकडा सांगेल. तुम्ही फक्त चार आकडे ऐकायचे.

पोरं विचारणारच, "सर, इथं डबा खायचा का?" त्यावर "तुमच्या संघाचं काय ठरलंय?" एवढंच उत्तर द्या. पहिल्या दोन-तीन वेळा ती गोंधळतील, एकमेकांकडे बघतील. थांबा. एखादा संघ मीठ विसरेल, एखाद्याचं पाणी अर्ध्या वाटेत संपेल. मीठ शेजारच्या संघाकडून मागून आणू दे. पाण्याचं मात्र तसं सोडून चालत नाही : माणशी दोन लिटर भरून निघाले का, हे स्टेशनवरच नायकाला तपासायला लावा आणि जास्तीचे चार लिटर तुमच्या पिशवीत असू द्या. हवामान, दुखापत आणि रेल्वे-रस्ता ओलांडणं, या तीन बाबतींत निर्णय तुमचा. तेही निघण्यापूर्वीच स्पष्ट सांगा, म्हणजे तिथे तुम्ही आवाज चढवलात तरी नायकाचा मान जात नाही.

लोहगड संरक्षित स्मारक आहे, तेव्हा वर चूल पेटवायची नाही. डबे घरून आणा. माकडं पिशव्या ओढतात, म्हणून खाणं हातात घेऊन फिरू नये. विंचूकाट्यावर, म्हणजे गडाच्या चिंचोळ्या सोंडेवर, सगळं पथक एकदम उतरवू नका, एक संघ परत आला की दुसरा. आणि पुढच्या शनिवारी कोर्ट ऑफ ऑनरची वीस मिनिटांची बैठक चुकवू नका. काय ठरवलं होतं, काय झालं, पुढच्या वेळी काय बदलायचं, हे नायकांच्याच तोंडून येऊ द्या. बहुतेक पथकं ही बैठक गाळतात, आणि मग प्रत्येक हाईक पहिल्यासारखीच होते.

प्रश्न : मी आठवीत आहे आणि आमच्या गाईड कंपनीत (मुलींच्या पथकात) संघनायिका आहे. माझ्या संघातल्या नववीच्या दोघी माझं ऐकत नाहीत. कॅप्टनना, म्हणजे कंपनीच्या बाईंना, सांगितलं तर चहाडखोर म्हणतील. काय करू?
– एक गाईड, सातारा

उत्तर : त्या दोघींना तुझ्यापेक्षा काय चांगलं येतं, ते आधी शोध. एकीला गाठी चांगल्या येत असतील तर लहान मुलींना बोलाईन आणि शीट बेंड शिकवायचं काम पूर्णपणे तिचं. तिने शिकवताना तू मधे बोलू नकोस. काम सांगताना सगळ्यांना मिळून सांगितलंस की ते कुणाचंच होत नाही. नाव घेऊन, वेळ सांगून दे : "ताई, तू आणि सई पाच वाजेपर्यंत तंबूच्या खुंट्या मोजून ठेवाल?" सर्वांत कंटाळवाणं काम, म्हणजे भांडी नाहीतर चर खणणं, पहिल्या दिवशी तू स्वतः घे आणि पाळी लिहून लाव. एवढं करूनही अडलं तर संघाची बैठक घे आणि त्या दोघींच्या समोरच विषय काढ. त्यांच्या पाठीमागे बोललीस तर ती चहाडी. समोर बसून बोललीस तर ते नायिकेचं कामच आहे, आणि त्यानंतर कोर्ट ऑफ ऑनरमध्ये नेलंस तरी कुणी बोट दाखवू शकणार नाही.

प्रश्न : शिबिरात आम्ही बांबूचं भांडी ठेवायचं मचाण बांधतो. सकाळी घट्ट असतं, दुसऱ्या दिवशी आडवे बांबू घसरून खाली येतात. स्क्वेअर लॅशिंग (काटकोनातली बांधणी) नीट केलं तरी असं का होतं?
– रोव्हर, अहिल्यानगर

उत्तर : तीन कारणं असू शकतात आणि बहुधा तिन्ही एकत्र असतात.

दोरी नायलॉनची असेल. ती गुळगुळीत, शिवाय ताणलीही जाते. बांबूवर तिची पकड राहत नाही. काथ्याचा सुंभ किंवा जाड सुतळी घ्या. सात-आठ सेंटीमीटर जाडीच्या दोन बांबूंच्या एका जोडाला चार ते पाच मीटर दोरी लागते. दोरी अपुरी असली की मुलं वेढे कमी करतात.

बांबू ओला असेल. हिरवा बांबू उन्हात सुकताना आकसतो आणि बांधणी सैल पडते. आदल्या आठवड्यात तोडलेले बांबू सावलीत ठेवून वापरा. ओलेच असतील तर दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक जोड पुन्हा आवळायचा, हे वेळापत्रकातच लिहा.

तिसरं कारण बांधणीतच असतं. उभ्या बांबूवर, आडव्याच्या लगेच खाली क्लोव्ह हिच ही गाठ मारा. दोरीचं आखूड टोक लांब दोरीभोवती पीळ देऊन गुंडाळा, नाहीतर हीच गाठ सर्वांत आधी फिरते. मग तीन वेढे : आडव्याच्या पुढून, उभ्याच्या मागून. प्रत्येक नवा वेढा आडव्या बांबूवर आधीच्या वेढ्याच्या बाहेरून आणि उभ्यावर आतून जावा. वेढे एकमेकांवर चढले की ताण वाया जातो. आता खरी गोष्ट. दोन बांबूंच्या मधून दोरी आडवी घेऊन दोन फ्रॅपिंग वेढे द्यायचे असतात. वेढे कितीही घट्ट असोत, जोड आवळतो तो याच दोन वेढ्यांनी. मुलं इथे नुसती दोरी फिरवतात. दोरी एका आखूड काठीला गुंडाळा, बांबूला पाय लावा आणि अंग मागे टाकून ओढा. शेवटची क्लोव्ह हिच आडव्या बांबूवर. शक्य असेल तिथे जोड बांबूच्या गाठीच्या वरच घ्या, म्हणजे आडवा खाली घसरू लागला तरी ती गाठ त्याला अडवते.

आणि चौकटीला दोन कर्ण बांबू द्या. नुसती चौकोनी चौकट डुलते आणि डुलली की प्रत्येक जोड थोडा थोडा सुटतो.

प्रश्न : आमच्या संघाची खिचडी खाली करपते आणि वर कच्ची राहते. आठ जणांसाठी प्रमाण आणि चुलीची रीत सांगाल का?
– संघनायक, नाशिक

उत्तर : चालून आलेल्या आठ मुलांना एक किलो तांदूळ आणि ३०० ग्रॅम मूगडाळ पुरते. तूरडाळीच्या फंदात पडू नका, उघड्या पातेल्यात ती फार वेळ खाते. डाळ-तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवा. पाणी साडेचार ते पाच लिटर, तेल १०० मिलिलिटर, हळद एक लहान चमचा; मीठ आधी दोन मोठे चमचे, पुढचं चव घेऊन. पातेलं किमान आठ लिटरचं, नाहीतर उतू जाऊन चूल विझते. चढवण्यापूर्वी बाहेरून ओल्या मातीचा पातळ लेप द्या, काजळी सहज निघते.

चुलीचे तीन दगड नदीतून उचलू नका. आत पाणी मुरलेला दगड तापला की फुटतो आणि कपच्या उडतात. कोरड्या जागेवरचे दगड घ्या, तोंड वाऱ्याकडे ठेवा. लाकडं पातेल्याखाली कोंबून भरली की हवा मिळत नाही, धूर होतो, आणि मुलं आणखी लाकडं घालतात. करंगळीएवढ्या काटक्यांवर जाळ धरला की मगच मनगटाएवढी लाकडं, तीही एका वेळी तीनच.

करपण्याचं कारण उकळीनंतरचा जाळ. पाणी आधणाला आलं, डाळ-तांदूळ टाकले, पुन्हा उकळी आली, की लाकडं मागे ओढायची आणि फक्त निखारे ठेवायचे. झाकण लावा, झाकणावरही थोडे निखारे ठेवा. वरची शितं त्यानेच शिजतात. वीस-पंचवीस मिनिटं झाली की झाकण काढून पाहा. पाणी आटलं असेल आणि शीत कच्चं असेल तर उकळतं पाणी घाला. गार पाणी घातलं की शितं बाहेरून फुटतात आणि आतून टणक राहतात.

चूल विझवताना पाणी, मग काठीने ढवळणं, पुन्हा पाणी, आणि शेवटी राखेजवळ हाताची पाठ नेऊन ऊब पाहणं. जानेवारीनंतर गवत वाळलेलं असतं; अशा जागी चुलीभोवती दोन मीटर जमीन खरवडून घेतल्याशिवाय काडी ओढू नका.

प्रश्न : माझा मुलगा पहिल्यांदाच तीन दिवसांच्या निवासी शिबिराला जातोय. साप-विंचवाची भीती वाटते. शिक्षकांना नेमकं काय विचारू?
– एक आई, ठाणे

उत्तर : एक, मुलं जमिनीवर झोपणार का, आणि मच्छरदाणी आहे का? मण्यार रात्री हिंडते आणि झोपलेल्या माणसाला चावते. दंश जवळजवळ दुखत नाही, दातांच्या खुणाही नीट दिसत नाहीत. गादीखाली चारही बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी हा स्वस्त आणि चांगला उपाय आहे. पहाटे एखादं मूल पोट दुखतंय म्हणालं आणि त्याच्या पापण्या जड दिसल्या, तर अपचन समजून ओवा देत बसायचं नाही, थेट दवाखाना.

दोन, सर्पदंशावरचं औषध असलेलं सर्वांत जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं आणि रात्री तिथे न्यायला गाडी कुणाची? 'बघू' असं उत्तर आलं तर पुन्हा विचारा. गाडी शिबिराच्या जागीच हवी; १०८ ला फोन करायचाच, पण मोबाइलची रेंज कुठे मिळते ती जागाही ठरलेली हवी. दंश झाला तर चिरा नाही, चोखणं नाही, आवळपट्टी नाही. हात किंवा पाय लाकडी पट्टीने स्थिर करून मुलाला न चालवता न्यायचं.

विंचवाच्या बाबतीत, विशेषतः कोकणात, नुसती आग होते की घाम, उलटी, गार पडलेले हातपाय अशी लक्षणं आहेत, ते पाहावं लागतं. लाल विंचवाच्या दंशावर प्रॅझोसिन हे औषध लवकर दिल्याने जीव वाचतात हे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या कामातून पुढे आलं, त्यामुळे ही लक्षणं दिसली की थांबायचं नाही.

तीन, आग्या मोहोळ. कड्याखाली वा मोठ्या झाडाखाली जेवायला बसण्याआधी वर पाहायची सवय पथकाला आहे का? मोहोळाजवळ धूर आणि तीव्र अत्तर नको. माश्या उठल्याच तर हात न झटकता डोकं-तोंड झाकून वेगाने दूर निघायचं, शक्य तर घरात किंवा गाडीत शिरायचं.

मुलाच्या पिशवीत विजेरी, पायात नीट बसणारे जुने बूट आणि रात्री लघवीला जाताना घालायच्या पूर्ण झाकलेल्या चपला द्या. सकाळी बूट घालण्याआधी उलटे करून आपटायची सवय आजपासून घरीच लावा. त्याला दमा किंवा एखाद्या औषधाची ॲलर्जी असेल तर ती कागदावर लिहून एक प्रत शिक्षकांकडे आणि एक त्याच्या संघनायकाकडे द्या. रात्री त्याच्या शेजारी तोच मुलगा झोपलेला असतो.