तिसऱ्यांदा बसायची एवढी घाई कशाला?

प्रश्न : ताई, मी बेळगावच्या टिळकवाडीची. बी.आर्क. इकडंच केलं, मग अमेरिकेत एम.आर्क., आता तिथंच एका ऑफिसात चार वर्षं झाली. तिथं आर्किटेक्टच्या लायसन्ससाठी एआरई नावाची परीक्षा असते, तिच्या सध्याच्या ५.० व्हर्जनचे सहा पेपर असतात, त्यातले प्रॅक्टिस मॅनेजमेंट, प्रोजेक्ट मॅनेजमेंट आणि कन्स्ट्रक्शनचा असे तीन सुटले. पण पीपीडीत, म्हणजे प्लॅनिंग-डिझाईनच्या पेपरात, १४ फेब्रुवारीला फेल आणि परत ३ मेला पण फेल. आता बहिणीच्या लग्नाला महिनाभर घरी आलेय. साठ दिवस झाले की परत बसता येतं म्हणून जुलैच्या पहिल्या आठवड्यातलीच डेट घ्यावी म्हणतेय, पुस्तकं पहिल्यापासून काढलीयत. पाच वर्षांत सगळे नाही झाले तर सुटलेले पण जातात ना? शिवाय येणारा प्रत्येक पाहुणा विचारतोय, अजून परीक्षा कसली गं तुझी? – एक वाचक, टिळकवाडी

उत्तर : अगं, आधी ती पाच वर्षांची भीती काढून टाक. ते रोलिंग क्लॉक, म्हणजे पाच वर्षांच्या मुदतीचा नियम, ३० एप्रिल २०२३ ला बंद झालं. आता सुटलेला पेपर ५.० चालू आहे तोवर आणि त्याच्या पुढच्या व्हर्जनपर्यंत धरतात. तुझ्या स्टेटच्या बोर्डाचा काही वेगळा नियम असला तर तेवढा बघून घे.

आता जुलैचं. साठ दिवस सगळ्यांच्या लक्षात राहतात, पण दुसरा नियम विसरतात, की एकच पेपर बारा महिन्यांत तीनदाच देता येतो. तुझे दोन झाले. जुलैत तिसरा घालवलास तर पुढचा चान्स थेट पुढच्या फेब्रुवारीच्या १४ नंतर, म्हणजे सात महिने हात बांधून बसायचं. आणि त्या साठ दिवसांतला निम्मा वेळ तू लग्नघरात. हळद, आहेर, पाहुण्यांची ने-आण, तिथं कोण पुस्तक उघडणार, आणि उघडू पण नकोस, बहिणीचं लग्न एकदाच आहे.

मी असते तर काय केलं असतं सांगते. साठ दिवसांचं बंधन त्या एका पेपरालाच आहे, बाकीचे मोकळे आहेत. पीडीडी, म्हणजे डिटेल-ड्रॉइंग-स्पेकचा पेपर, त्याचा आणि पीपीडीचा अभ्यास बराचसा एकच, कोड तेच, मटेरियल तेच, एकात इमारतीच्या सिस्टिम ठरवायच्या आणि दुसऱ्यात त्याच कागदावर उतरवायच्या. तेव्हा जूनमध्ये परत गेलीस की दोन्हीचा अभ्यास एकदमच धर, ऑगस्टच्या मध्याला पीडीडी दे आणि दोन-तीन आठवड्यांनी पीपीडी, डोक्यात सगळं ताजं असताना. राहिलेला सहावा पेपर, प्रोग्रामिंग अँड ॲनालिसिस, त्यानंतर. पण दोन्ही पेपरांच्या डेट आत्ताच घेऊन टाक, डेट नसली की अभ्यास नुसता लांबत जातो.

पुस्तकं पहिल्यापासून काढलीयस ते मात्र परत ठेव. हे मी माझ्या फजितीवरून सांगतेय. आमच्या वेळेला एआरईचं ४.० व्हर्जन होतं, सात पेपर, आणि फेल झालं की सहा महिने थांबायचं. मी स्ट्रक्चरल सिस्टिम्सला आपटले, पाच महिने पुस्तकाकडं बघितलं नाही, शेवटच्या महिन्यात पहिल्या पानापासून वाचायला घेतलं आणि जे येत होतं तेच परत वाचून खूष झाले, जे येत नव्हतं तिथं पोचायच्या आधी परीक्षाच आली. तुझ्याकडं दोन फेलचे रिपोर्ट आहेत की, त्यात कुठला भाग कच्चा ते भागवार दिलेलं असतं. दोन्ही शेजारी ठेव, दोन्हीकडं जिथं मार खाल्लायस तिथनं सुरुवात कर. पीपीडीत सगळ्यात जास्त वजन इंटिग्रेशनला, म्हणजे सगळं एकत्र जुळवण्याला आहे, जवळजवळ तिसरा हिस्सा, आणि तो पाठ करून येत नाही, एकच बिल्डिंग घेऊन साईट, स्ट्रक्चर, डक्ट, जिना सगळं एकत्र बसवून बघावं लागतं.

आपल्याकडच्या पोरी आणखी एका ठिकाणी अडकतात. आपण पावसात वाढलेले, खानापूरची कौलं, उतार, पागोळी हे रक्तातच असतं. पण पाया फ्रॉस्ट लाईनच्या, म्हणजे थंडीत जमीन जिथवर गोठते त्याच्या खाली का न्यायचा, थंड हवेत व्हेपर बॅरियर, म्हणजे वाफ अडवणारा थर, भिंतीच्या उबदार बाजूला का, हे आपल्या घरात कधी बघितलेलंच नसतं. ते वाचून डोक्यात बसत नाही गं, हातानं सेक्शन काढ, रोज एक. फूट-इंचात काढ.

ही परीक्षा घेणाऱ्या एनसीएआरबी संस्थेची प्रॅक्टिस एक्झाम फुकट असते, ती आत्ता उडवू नकोस, परीक्षेच्या तीन आठवडे आधी घड्याळ लावून एका बैठकीत दे. खऱ्या पेपरात १०० प्रश्न आणि ४ तास ५ मिनिटं. ब्रेक घेतला की त्याआधी बघितलेले प्रश्न लॉक होतात, परत उघडत नाहीत, दुसऱ्यांदा बसलेल्या पोरी पण हे विसरतात. म्हणून ब्रेकला उठायच्या आधी मागे नंतर बघू म्हणून फ्लॅग केलेलं सगळं निपटून टाक आणि रिकामं काही सोडू नकोस, चुकलं तरी मार्क कापत नाहीत, रिकामं सोडलं तर चूकच.

पाहुण्यांना सांग, सीए सारखं आहे, एकेक सोडवत जायचं. सीए म्हटलं की बेळगावात पुढचा प्रश्न कोण विचारत नाही, सगळ्यांच्या घरात एकतरी अडकलेला असतोच!

प्रश्न : मुलगी बारावीला आहे, आर्किटेक्चरला जायचं म्हणते. पाच वर्षं शिकून वर आपल्याकडं पण अशा सहा-सहा परीक्षा असतात का? आणि आम्ही निपाणीचे, आमची निम्मी कामं कोल्हापूरकडं. कर्नाटकात शिकली तर तिकडं चालेल का? – एक पालक, निपाणी

उत्तर : नाही ओ दादा, तसलं काही नाही. आपल्याकडं १९७२ चा आर्किटेक्ट्स ॲक्ट आहे, मान्यताप्राप्त कॉलेजची पाच वर्षांची डिग्री झाली की कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडं नोंदणी करायची, वेगळी लायसन्स परीक्षा नाही. परीक्षा आहे ती आत जाताना, नाटा. आणि नोंदणी देशभर चालते, त्यामुळं तिनं बेळगावात शिकून कोल्हापुरात बोर्ड लावला तरी कोण अडवणार नाही. नोंदणी चालू ठेवायची फी मात्र वेळच्या वेळी भरायला सांगा, ती विसरली की नाव यादीतनं जातं. आणि आत्तापासून तिला रोज अर्धा तास हातानं चित्र काढू दे, निपाणीचा बाजार, एसटी स्टँड, काहीही चालेल. नाटाच्या ड्रॉइंगला तेच कामाला येतं.