परीक्षकांनी विचारलं, ‘हे चालतं का?’ तर काय सांगू?

‘नाव काढून घेऊ का तिचं?’ हा सल्ल्यासाठी माझ्याकडे आलेल्या आईचा पहिला प्रश्न होता. मुलगी लातूरला अकरावी सायन्सला. (ओळख पटू नये म्हणून घरचे तपशील बदलले आहेत.) ‘येत्या काळातलं रसायनशास्त्र’ अशा विषयावरच्या गटस्पर्धेत चौघांनी नाव दिलं होतं. त्यानंतर मुलीची झोप उडाली, जेवण कमी झालं, नीटचा अभ्यास मागे पडला. आईला वाटत होतं की ताण कामाचा आहे.

मुलीशी एकटीशी बोलल्यावर कारण वेगळं निघालं. गटाची कल्पना होती हवेतून पिण्याचं पाणी काढणाऱ्या यंत्राची. ‘आम्ही ते बनवलेलं नाही, बनवूही शकत नाही. परीक्षकांनी विचारलं, हे चालतं का, तर आम्ही खोटारडे ठरू.’ ही भीती या स्पर्धांत उतरणाऱ्या हुशार मुलांमध्ये फार दिसते, कारण शाळेत त्यांना बरोबर उत्तर देण्याचीच सवय लागलेली असते आणि इथे उत्तर अजून कुणाकडेच नसतं.

म्हणून आधी स्पर्धा नेमकं काय मागते ते तिच्यासमोर ठेवलं. अमेरिका आणि कॅनडातल्या शाळांसाठी १९९२ पासून चालणारी एक्स्प्लोराव्हिजन ही स्पर्धा या प्रकाराचा चांगला नमुना आहे. तिच्या प्रस्तावात आजचं तंत्रज्ञान, त्याचा इतिहास, भविष्यातली कल्पना, तिचे बरेवाईट परिणाम हे विभाग तर असतातच, पण एक विभाग खास ‘हे घडायला अजून कोणते शोध लागायला हवेत’ यासाठी राखलेला असतो. म्हणजे काय जमत नाही हे लिहिण्यालाच तिथे जागा आहे. हे ऐकून मुलगी पहिल्यांदा खुर्चीत नीट टेकून बसली.

मग कोऱ्या कागदावर तीन रकाने आखले: आज सिद्ध झालेलं, आपण गणिताने दाखवू शकतो ते, आणि अजून शोधायचं. तिच्या मसुद्यातलं प्रत्येक वाक्य यांपैकी एका रकान्यात टाकायचं. कुठेच न बसणारी वाक्यं (‘दुष्काळ कायमचा संपेल’ हे त्यातलं एक) खोडायची. मुलांना पोकळ वाटतात ती नेमकी हीच वाक्यं, आणि परीक्षकही तीच पकडतात.

पहिला रकाना भक्कम निघाला. धातूचे अणू आणि सेंद्रिय दुवे जोडून केलेल्या सच्छिद्र जाळ्या, म्हणजे मेटल ऑरगॅनिक फ्रेमवर्क (एमओएफ), यांच्यासाठी २०२५चं रसायनशास्त्राचं नोबेल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना मिळालं. याघींच्या गटाने अशा जाळीतून वाळवंटी हवेतलं पाणी काढून दाखवलं आहे. आधीच्या एमओएफ-८०१ मध्ये झिर्कोनियम होतं, नंतरच्या एमओएफ-३०३ मध्ये स्वस्त ॲल्युमिनियम आलं. अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटात त्याने पदार्थाच्या किलोमागे दिवसाला साधारण ०.७ लिटर पाणी दिलं.

दुसऱ्या रकान्यात खरी गंमत झाली. मसुद्यात ‘लातूर शहराला पाणी’ असं लिहिलं होतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आलेल्या पहिल्या पाण्याच्या रेल्वेगाडीत ५ लाख लिटर पाणी होतं. ०.७ ने भागलं तर रोज तेवढं पाणी मिळवायला ७०० टनांहून जास्त पदार्थ लागतो. आकडा बघून मुलगी गप्प झाली. पण गणित तिथे सोडायचं नसतं. प्रश्न छोटा करायचा. चौघांच्या घराला फक्त पिण्यापुरतं, माणशी ३ लिटर, म्हणजे १२ लिटर धरलं तर पदार्थ लागतो सुमारे १७ किलो. हे यंत्र गच्चीवर मावतं.

हवेचाही हिशोब केला. ३५ अंशाला २० टक्के आर्द्रता असेल तर एका घनमीटर हवेत जेमतेम ८ ग्रॅम वाफ असते. त्यातली निम्मी धरता आली तर १२ लिटरसाठी ३,००० घनमीटर हवा जाळीतून जायला हवी. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच अशा शंभरावर खोल्यांतली हवा झाली ही. धरलेलं पाणी सोडवायला किलोमागे निदान २.४ मेगाज्यूल, म्हणजे एकूण ८ युनिट उष्णता लागते. दिवसाला चौरस मीटरवर ५ युनिट ऊन आणि निम्मी कार्यक्षमता धरली, तर ३ चौरस मीटरच्या वर तापणारा पृष्ठभाग हवा. यातलं एकही गणित अकरावीच्या बाहेरचं नाही.

तिसरा रकाना आता आपोआप भरला. जाळीचा सेंद्रिय घटक स्वस्तात कसा बनवायचा, भरण्या-सोडण्याचं चक्र दिवसातून अनेकदा कसं फिरवायचं, मराठवाड्यातली धूळ बसल्यावर छिद्रं किती दिवस मोकळी राहतील. ‘हे चालतं का?’ या प्रश्नाचं खरं उत्तर या तीन ओळींत होतं, आणि ते सांगायला लाज वाटण्याचं कारण नव्हतं.

तरी ‘हाताने काहीच केलं नाही’ ही टोचणी राहते. तिच्यासाठी कॉलेजच्या प्रयोगशाळेत जमेल असा प्रयोग सुचवला. पांढरं सिलिका जेल, म्हणजे हवेतली ओल शोषणारे दाणे, घ्यावं. निळ्यात कोबाल्टचा अपायकारक क्षार असतो, ते टाळावं. १२० अंशाला दोन तास वाळवून शोषकपात्रात, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात, पूर्ण थंड करावं. गरम भांडं तराजूवर ठेवलं की वरची हवा हलते आणि वजन कमी दाखवतं; पहिल्या वेळी हमखास हेच चुकतं. मग दोन घट्ट झाकणाचे डबे घ्यावेत. एकात मॅग्नेशियम क्लोराइडचं संपृक्त द्रावण ठेवलं की आत साधारण ३३ टक्के आर्द्रता राहते, दुसऱ्यात मिठाचं ठेवलं की ७५ टक्के. तळाशी न विरघळलेले खडे दिसत राहायलाच हवेत, नाहीतर आर्द्रता सरकते. प्रत्येक डब्यात १० ग्रॅम जेल पातळ थरात पसरून दर तासाला वजन करावं. ३३ टक्क्यांच्या डब्यातली रेषा खालीच रेंगाळते. ‘सिलिका जेल का नको?’ असं परीक्षकांनी विचारलं तर हा आलेख पुढे करायचा: कोरड्या हवेत ते बरंच कमी पाणी धरतं, म्हणून नव्या जाळ्या हव्यात.

चौथ्या भेटीत खरी कुरबूर बाहेर आली. लिहायचं सगळं हीच करत होती आणि बाकीचे तिघे ‘छान झालंय’ म्हणत होते. अशा वेळी भांडण्यापेक्षा विभागांवर नावं टाकलेली बरी. हिने गणित ठेवलं, एकाने प्रयोगाची वही, एकीने परिणामांचा भाग, आणि कमी बोलणाऱ्या मुलाने चित्रं. अट एकच: दुसऱ्याच्या विभागावरच्या दोन प्रश्नांची उत्तरं प्रत्येकाला तोंडी देता आली पाहिजेत.

आईला एवढंच सांगितलं की नाव काढू नका, वेळ बांधा. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी, दोन-दोन तास, आणि त्या वेळात नीटचं पुस्तक बंद. बाकीच्या दिवशी स्पर्धेची फाइल बंद. झोप दोन आठवड्यांत रुळावर आली नाही तर मात्र डॉक्टरांकडे जायचं ठरलं. तशी वेळ आली नाही. सरावाच्या सादरीकरणात एका शिक्षकांनी तोच प्रश्न विचारला. मुलीने उत्तर दिलं, ‘सर, वाळवंटात चालतं, आपल्या गच्चीवर अजून नाही. का नाही, ते तीन मुद्द्यांत सांगते.’