बी.ई.नंतर अमेरिकेत जे.डी.: आधी व्हिसाचा हिशेब, मग अर्ज

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातून मेकॅनिकल बी.ई., दोन वर्षं नोकरी, आता अमेरिकेत कायदा शिकून पेटंटमध्ये काम करायचंय. एलएल.बी. नसताना प्रवेश मिळतो का, आणि तिथे काय जड जातं?

प्रवेश मिळतो. तीन वर्षांची जे.डी. (अमेरिकेतली कायद्याची पदवी) कुठल्याही शाखेच्या पदवीनंतर करता येते. एलएल.एम.च्या जाहिरातींकडे बघू नका, त्याला साधारणपणे आधी कायद्याची पदवी लागते.

अर्जात सगळ्यात जास्त वेळ खातं ते ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या सत्रांचं गुणपत्रक). ते विद्यापीठाकडून थेट एलसॅक या, कायदा कॉलेजांचे अर्ज हाताळणाऱ्या संस्थेकडे जावं लागतं, तुमच्या हातून गेलेलं चालत नाही. विद्यापीठात खेटे घालायला दोन-तीन महिने धरूनच चला. परदेशी पदवीचा चारपैकी जीपीए (सरासरी गुणांक) एलसॅक काढून देत नाही, फक्त ढोबळ श्रेणी लिहितं. म्हणून सगळा भार एलसॅट या प्रवेशपरीक्षेवर येतो. गुण 120 ते 180 मध्ये. ऑगस्ट 2024 पासून लॉजिक गेम्स (मांडणीची कोडी) काढून टाकलेत, म्हणजे इंजिनिअरांचा हातखंडा असलेला भागच गेला. आता तर्काचे दोन आणि वाचनाचा एक असे 35 मिनिटांचे तीन विभाग मोजले जातात, चौथ्याचे गुण धरत नाहीत. जुनी पुस्तकं घेऊ नका. जागा अर्ज येतील तशा भरत जातात, त्यामुळे अर्ज नोव्हेंबरच्या आत गेलेला बरा.

मोठ्या खासगी विद्यापीठात राहण्या-खाण्यासकट वर्षाला लाख डॉलरच्या वर खर्च जातो. तिथलं सरकारी कर्ज एफ-1 (विद्यार्थी व्हिसावरच्या) विद्यार्थ्याला मिळत नाही, आणि बहुतेक खासगी बँका तिथला जामीनदार मागतात. शिष्यवृत्तीची रक्कम मात्र वाढवून मागता येते. दुसऱ्या कॉलेजचं पत्र जोडून नम्रपणे विचारा, त्यात कुणाला गैर वाटत नाही.

आता व्हिसा. इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. तुमची बी.ई. स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) असली तरी जे.डी. स्टेममध्ये येत नाही. म्हणून ओपीटी (पदवीनंतर तिथे काम करायची परवानगी) 12 महिन्यांचीच. 24 महिन्यांची वाढ आधीच्या अमेरिकी स्टेम पदवीवर मिळू शकते, भारतातल्या बी.ई.वर नाही. मे महिन्यात पदवी, जुलैअखेर बारची (वकिलीच्या परवान्याची) परीक्षा, निकाल पावसाळा संपल्यावर. तोवर ओपीटीचे काही महिने गेलेले असतात आणि एच-1बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत एक, फार तर दोन संधी. शिकताना पूर्णवेळ सीपीटी (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेलं काम) 12 महिने झाली तर त्या पदवीची ओपीटीच जाते, हेही ध्यानात ठेवा. अमेरिकी पेटंट ऑफिसच्या परीक्षेला (100 प्रश्न, सहा तास) मेकॅनिकलची पदवी चालते, तिची समकक्षता मात्र दाखवावी लागते. शिवाय परदेशी नागरिकाला त्या कामाची परवानगी कागदावर दाखवावी लागते, आणि मिळते ती मर्यादित मान्यता.

वर्गात जड जातं ते वाचन. उदाहरण घ्या, काँट्रॅक्ट्समध्ये (करारांच्या विषयात) हमखास येणारा 1854 चा हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल हा खटला. ग्लॉस्टरच्या गिरणीचा क्रँकशाफ्ट मोडला. नवा बनवायला नमुना म्हणून तो ग्रीनिचला पाठवला, वाहतूकदाराने उशीर केला आणि गिरणी बंद राहिली. इंजिनिअरचं लक्ष जातं शाफ्ट का मोडला याकडे. प्राध्यापक विचारतात, शाफ्टवाचून गिरणी थांबेल हे वाहतूकदाराला करार करताना ठाऊक होतं का? नव्हतं, म्हणून बुडालेला नफा मिळाला नाही. लगेच पुढचा प्रश्न: गिरणीच्या माणसाने तसं सांगितलं असतं तर? सांगितलं, पण हमालाला? (आपल्या 1872 च्या करार कायद्याचं कलम 73 याच तत्त्वावर उभं आहे. निघण्यापूर्वी ते एकदा वाचा.) वर्गात अचानक नाव पुकारतात, म्हणून प्रत्येक खटल्याची घटना, मुद्दा, निर्णय आणि कारण अर्ध्या पानात लिहून ठेवा.

पेपर बहुधा सत्राअखेर एकच, आणि गुण वर्गाच्या तुलनेत. पीएलमध्ये (परीक्षेआधीच्या सुट्टीत) गाइड वाचून पेपर काढायची सवय इथे घात करते, कारण मधे मोजके दिवसच असतात. ऑक्टोबरपासून स्वतःची आउटलाइन (विषयाचा सारांश) बांधायला घ्या. उत्तरात एकच निकाल काढून थांबलात तर निम्मे गुण गेले. "न्यायालयाने असं मानलं तर हे, तसं मानलं तर ते" हे दोन्ही बाजूंनी लिहावं लागतं. हुशार इंजिनिअरांचे पहिल्या सत्रात गुण जातात ते इथे.

तीन-चार जणांचा अभ्यासगट करा, पण लीगल रायटिंगच्या मेमोवर (लेखी गृहपाठावर) बोलायची परवानगी आहे का ते आधी पाहा. इंजिनिअरिंगची सबमिशन छापायचो तसं इथे केलंत तर प्रकरण कॉलेजपुरतं राहत नाही. बारच्या अर्जात चारित्र्याची चौकशी असते, कॉलेजकडून दाखला मागवतात. बी.ई.च्या काळातली एखादी शिस्तभंगाची नोटीस असेल आणि जे.डी.च्या अर्जात त्याबद्दल विचारलं असेल, तर तिथेच लिहून टाका. पुढे हे दोन्ही अर्ज शेजारी ठेवून ताडता येतात, आणि लपवलेलं नोटिशीपेक्षा महाग पडतं.