शाळा बंद असताना मुलांचा अभ्यास घरी घेतलेल्या पालकांनो, वाचनात मागे पडलेल्या मुलासाठी तुम्ही काय केलंत?

तुम्ही लिहिलंय की मुलाची पहिली-दुसरी मोबाईलवर गेली, आता तो सहावीत आहे, गणित बरं जमतं, पण धडा वाचताना अडखळतो आणि ‘वाच’ म्हटलं की रागानं उठून जातो. आमच्याकडे जवळपास हेच झालं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही कोल्हापुरात, उत्तरेश्वर पेठेत राहतो. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा मुलगा दुसरीत होता आणि मुलगी सातवीत. परीक्षा न होताच दोघं वरच्या वर्गात गेली. घरात चांगला फोन एकच, तो मिस्टरांचा. शिरोली एमआयडीसीतली त्यांची फौंड्री परत सुरू झाली आणि फोन त्यांच्याबरोबर जायला लागला. सकाळचा तास बुडायचा. संध्याकाळी बाईंनी ग्रुपवर टाकलेला अभ्यास मुलगा बघून वहीत उतरवायचा, मी फोटो काढून पाठवायचे, बाईंचा अंगठा यायचा. अक्षर सुंदर, कुठं खाडाखोड नाही. मी शिवणकाम करते. मशीनवर बसून त्याची ती वही दिसायची आणि वाटायचं, चला, पोराचं तरी नीट चाललंय.

ऑगस्टमध्ये एक दिवस सासूबाई त्याला म्हणाल्या, “पेपरात काय आलंय, वाच की.” त्यांना वाचता येत नाही. त्यानं राधानगरी धरणाचा फोटो बघितला आणि घडाघडा सांगितलं, धरण भरलं, दरवाजे उघडले, नदीला लई पाणी आलं. मी सहज मागून डोकावले. बातमी धरणाचीच होती, पण तो बोलला त्यातलं एकही वाक्य तिथं छापलेलं नव्हतं. रात्री पुस्तक समोर धरलं. साधे काना-मात्रेचे शब्द कसेबसे यायचे, जोडाक्षर आलं की पहिल्या अक्षरावरून काहीतरी सांगून मोकळा व्हायचा. म्हणजे इतके दिवस तो वहीत अक्षरं लिहीत नव्हता, चित्रासारखी काढत होता.

पहिला आठवडा मी चुकीचं वागले. रोज रात्री पुस्तक घेऊन बसवायचं, प्रत्येक शब्दाला टोकायचं, आवाज चढवायचा. तो रडायचा, मग मीही. शेवटी सासूबाईंनीच त्याला जवळ बोलावलं, “मला वाचून दाखव, मला कुठं येतंय?” तिथं गाडी रुळावर आली. त्यांना चूक पकडता येत नव्हती, त्यामुळे त्याला भीती नव्हती. पण त्या मन लावून ऐकायच्या. “मग रं, पुढं काय झालं?” असं विचारायच्या. त्यानं शब्द भलताच वाचला आणि गोष्टीचा अर्थ लागेना, की म्हणायच्या, “असं कसं हुईल?” मग तो आपणहून मागं जाऊन ती ओळ परत वाचायचा. मी टोकून जे झालं नव्हतं ते त्या एका प्रश्नानं व्हायला लागलं.

मी शब्द निवडून द्यायचे. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक तेव्हा आपापल्या जिल्ह्याचं असायचं, म्हणून आपल्या बारा तालुक्यांची नावं काढली. करवीर, कागल, शिरोळ, आजरा, चंदगड, भुदरगड, राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, हातकणंगले. ही दहा त्याला हळूहळू जमली. जोडाक्षर फक्त दोन नावांत आहे, पन्हाळा आणि गडहिंग्लज. बारातली दहा येतात म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला. उरलेल्या दोघांवर तीन दिवस गेले. नंतर ज्योतिबा, मग रफाराचे शब्द, वर्ग, गर्दी, सूर्य. रोज पंधरा-वीस मिनिटं, त्यापुढं नाही. सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून ‘टिलीमिली’ हा शाळेच्या अभ्यासाचा कार्यक्रम लागायचा, त्याला नेट लागत नसल्यानं तेही बघायचो. पण त्याचं वाचन सुधारलं ते आज्जीजवळ बसून.

जुलै २०२१ ला पूर आला. आम्ही सामान बांधून नणंदेकडे गेलो. फोनवर पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचे मेसेज येत होते. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३, हे आमच्याकडे लहान मुलांनाही पाठ असतं. सासूबाईंचा जीव घरात अडकलेला. मुलगा फोन घेऊन त्यांच्याशेजारी बसला आणि एकेक मेसेज वाचून दाखवायला लागला. मी मागं उभी राहून बघितलं. या वेळी शब्द न् शब्द छापलेलाच होता.

एक गोष्ट मात्र माझ्याकडून राहून गेली, ती मला अजून लागते. मुलगी शांतपणे घरकाम करायची, भावाला गणितं सांगायची, म्हणून मी तिच्याकडे बघितलंच नाही. आठवीचं बीजगणित तिला कळत नव्हतं आणि ती बोलली नाही. नववीत ते फार जड गेलं. तुमच्या घरात दुसरं मूल असेल आणि त्याची काही तक्रार नसेल, तर आज त्याच्याजवळही बसा.

तुमच्या मुलासाठी सांगायचं तर पहिलीचं पुस्तक त्याच्यापुढं टाकू नका, सहावीतल्या पोराला ते फार लागतं. क्रिकेटची बातमी, दुकानांच्या पाट्या, त्याला आवडेल ते द्या. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना वाचून दाखवू दे, नसतील तर तुम्ही भाजी निवडता निवडता ऐका. शब्दावर फार वेळ अडला तर तो सांगून टाका आणि पुढं जाऊ द्या. वर्गशिक्षकांना भेटून खरं ते सांगा, पण मुलासमोर नको. आणि आठवडाभर तो नेमका कुठं अडतो ते लिहून ठेवा, जोडाक्षर, रफार की लांब शब्द. ते इथंच खाली कळवलंत तर मी वापरलेल्या शब्दांच्या याद्या लिहून पाठवते, त्या वहीत मी अजून जपून ठेवल्यात.