माचामे रूट: कारंगाची रात्र कापू देऊ नका

तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं वर आलं. किलिमांजारोच्या माचामे वाटेसाठी सात दिवस मागितले तर ट्रेक कंपनीचे ऑफिसवाले म्हणतायत, "सर तुम्ही सह्याद्रीतले ट्रेकर, माचामे सहा दिवसांत आरामात होतं, कारंगा कॅम्पवरची रात्र म्हणजे उगाच खर्च." हेच मी पण ऐकलंय, अगदी ह्याच टोनमध्ये. (कुठलं ऑफिस ते विचारू नका, लिहिणार नाही.)

शूज, लेअर्स, डाउन जॅकेट हे तुम्हाला माहीत असणार, सोडतो. मुद्दा समिटच्या आदल्या दिवसाचा. सात दिवसांच्या प्लॅनमध्ये एक दिवस बरांको कॅम्प ते कारंगा आणि दुसऱ्या दिवशी कारंगा ते बराफू, म्हणजे जिथून समिटला निघतात तो कॅम्प. हा दुसरा दिवस जेमतेम चार किलोमीटरचा, सावकाश चार-पाच तास, म्हणजे दुपारच्या जेवणाला तुम्ही बराफूत (४,६७३ मीटर). मग झोपा, संध्याकाळी परत थोडं खा, परत आडवे व्हा, रात्री अकराला उठवतात, बाराच्या आसपास निघायचं. सहाच्या प्लॅनमध्ये हे दोन्ही दिवस एकात कोंबलेले असतात. सकाळी बरांको वॉल, अडीचशे मीटर, हात लावून चढायचं, त्यात गर्दी, पोर्टर डोक्यावर सामान घेऊन बाजूने निघतात त्यांना वाट द्यायची, मग वर-खाली करत कारंगाच्या दरीत उतरा, समोरचा उभा चढ चढा, तिथे जेवण, आणि आता बस्स असं वाटतं तेव्हा अजून साडेसहाशे मीटर वर जायचं बाकी असतं!

आम्ही सहाच्याच प्लॅनमध्ये होतो, बराफूला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. डोकं ठणकत होतं, सूप घशाखाली जाईना, ब्रीफिंगमध्ये गाइड काय बोलला त्यातलं निम्मं कानावरून गेलं, आणि जरा डोळा लागतोय तोवर चहाची हाक. विवराच्या काठावरच्या स्टेला पॉइंटच्या (५,७५६ मीटर) बऱ्याच खाली उलट्या सुरू झाल्या आणि गाइडने सरळ मागे फिरवलं. त्याने बरोबरच केलं, त्याच्यावर राग नाही. उहुरू शिखराचा बोर्ड मी दुसऱ्यांच्या फोटोतच बघितला.

राग ऑफिसवर आहे. आम्ही सात दिवस मागितले होते, हातात आला सहाचा प्लॅन. विचारलं तर "तिकडच्या ऑपरेटरशी बोलून सांगतो", मग "सिस्टीममध्ये असंच आहे", मग त्या मॅडम रजेवर. परत आल्यावर मेल केला तर म्हणे उंचीचा त्रास कोणालाही होऊ शकतो, अटी-शर्ती बघा. बघितल्या की, त्यात पण सातच दिवस लिहिले होते! कारण साधं आहे हो, पार्कची फी दिवसावर लागते, माझ्या वेळी माणशी ७० डॉलर, कॅम्पिंगचे ५०, वर १८ टक्के व्हॅट, शिवाय पोर्टर आणि कुकची मजुरी. एक दिवस उडवला की जाहिरातीतला आकडा गोड दिसतो.

आणि ते "सह्याद्रीतले ट्रेकर" प्रकरण. कळसूबाई १,६४६ मीटर, माचामे गेटच त्याच्यापेक्षा उंचावर आहे. सिंहगड पाऊण तासात मारणाऱ्यांचे पाय इथे उलट नडतात, कारण आपल्याला हळू चालायची सवयच नाही. गाइड "पोले पोले" (हळू हळू) म्हणतो ते मनावर घ्या. आमच्यातले एक साठीच्या पुढचे काका सगळ्यांच्या मागे वरातीच्या चालीने येत होते, ते वर जाऊन आले. (सहाच्या प्लॅनमध्येही लोक पोचतात हे मान्य, पण पैसे भरून जुगार कशाला खेळायचा.)

बाकी किरकोळ. कारंगानंतर पाणी नाही, बराफूत मिळतं ते पोर्टरनी खालून वाहून आणलेलं असतं, तेव्हा तिथे अंघोळीला गरम पाणी मागू नका (एका महाशयांनी मागितलं होतं, खरंच). रात्रीची बॅग उजेडातच भरा, हेडलॅम्पचे सेल बदला, बाटली उलटी ठेवा म्हणजे तोंडाशी बर्फ धरत नाही, ब्लॅडरची (पाण्याच्या पिशवीची) नळी तर गोठतेच. कॅम्प खडकाळ धारेवर आहे, टॉयलेटला जाताना दिवा हवाच, आणि डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घेत असाल तर बरेचदा उठावं लागेल. मी डॉक्टर नाही, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. भूक मरते, म्हणून चिक्की, लिंबाचं लोणचं, जे घशाखाली उतरेल ते न्या.

ऑफिसला मेलवर एकच प्रश्न टाका: चौथ्या रात्रीचा मुक्काम कुठे? कारंगा असं लेखी आलं तर पैसे भरा. बराफू आलं तर दुसरं ऑफिस बघा, किंवा बजेट ताणता येत असेल तर लेमोशो ह्या दुसऱ्या वाटेचा आठ दिवसांचा प्लॅन घ्या, माझ्या मते तो माचामेपेक्षा बराच बरा. आणि फेब्रुवारीत जाताय तर पौर्णिमेच्या आसपासच्या तारखा लवकर भरतात, तेही आत्ताच विचारून घ्या.