‘माझी ओळख’ या विषयावर सातवीच्या वर्गाकडून चित्रकलेत काय करून घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की नेरूळच्या शाळेत तुम्ही सातवीला चित्रकला शिकवता. ‘माझी ओळख’ असा प्रकल्प दिला की मुलं स्टेशनरीच्या दुकानातून छापील चित्रं आणून चिकटवतात, मधोमध पासपोर्ट फोटो आणि खाली चमकीच्या पेनने ‘माय फॅमिली’. मुलांचं स्वतःचं काही कागदावर उतरेल असं काय घ्यावं, हा तुमचा प्रश्न.

मी घणसोलीत कलाशिक्षक आहे. वर्ग तुमच्यासारखाच भरलेला, तास पस्तीस मिनिटांचा, त्यातली दहा पाणी आणण्यात जातात. माझं मत आधीच सांगतो. बारा वर्षांच्या पोराला ‘तू कोण आहेस’ असं थेट विचारलं की ते ठरलेलं उत्तर देतं: आवडता खेळ क्रिकेट, आवडता रंग निळा, मोठेपणी डॉक्टर. त्यात पोरांचा दोष नाही, मोठी माणसंही हुद्दा सांगून मोकळी होतात. म्हणून विषयाचं नाव फळ्यावर लिहूच नका. हाताला ठोस काम द्या. मुलं त्यात गुंतली की बाकीचं आपसूक कागदावर येतं.

पहिलं काम मी रंगाचं घेतो. खडूंच्या पेटीत एक फिकट गुलाबीसर कांडी असते. मुलं तिला बिनदिक्कत ‘स्किन कलर’ म्हणतात आणि वर्गात एकाचीही कातडी त्या रंगाची नसते. अमेरिकेत क्रेयोलाने आपल्या ‘फ्लेश’ खडूचं नाव १९६२ मध्येच बदलून ‘पीच’ केलं. आपल्याकडे हा शब्द पोरांच्या तोंडून अजून गेलेला नाही. तर त्या तासाला खडूपेट्या दप्तरातच राहू द्या. पोस्टर कलरच्या चार बाटल्या काढा: यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), पांढरा आणि अल्ट्रामरीन (गडद) निळा. काळी बाटली कपाटात बंद. सावळा रंग करायचा म्हटलं की प्रत्येकाचा हात काळ्याकडे जातो आणि रंग मेल्यासारखा राखाडी होतो. बर्न्ट सिएनात ब्रशच्या टोकाएवढा निळा घातला तर तो गडद होतो, पण त्यातली ऊब जात नाही.

रंग थेट हातावर लावायचा नाही. जुन्या पारदर्शक फोल्डरच्या बोटभर रुंद पट्ट्या कापून वाटा. पट्टीच्या टोकाला रंगाचा ठिपका द्यायचा, पट्टी मनगटावर धरायची आणि ठिपका कातडीत हरवून जाईपर्यंत रंग मिसळत राहायचं. पोस्टर कलर वाळला की छटा बदलते, त्यामुळे दोन-तीनदा मागे-पुढे होतंच. एरवी बाकांवर चढणारी पोरं या कामात मान वर करत नाहीत. मग कुणीतरी ओरडतं, ‘सर, हात वरून वेगळा आणि आतून वेगळा आहे!’ कोपराचा वेगळा, घड्याळाच्या पट्ट्याखालचा त्याहून वेगळा. एकेका मुलाकडे चार-चार रंग निघतात. शेवटी प्रत्येकाने आपल्या रंगाला नाव द्यायचं. गोरा, काळा, सावळा, गव्हाळ हे शब्द वापरायचे नाहीत. ‘पीटीच्या तासानंतरचा’ असं एक नाव आलं होतं. एका मुलीने लिहिलं, ‘आजीचाच, पण नवीन’.

एक मात्र सांभाळा. या पट्ट्या उजळ ते गडद अशा रांगेत कधीही लावू नका. घरी गोरेपणाबद्दल काय काय बोललं जातं ते आपल्याला ठाऊक आहे. अशी रांग लावली की पाच मिनिटांत चिडवाचिडवी सुरू होते. अमेरिकन चित्रकार बायरन किम १९९१ पासून माणसांच्या कातडीचे रंग दहा बाय आठ इंचांच्या छोट्या फलकांवर रंगवत आलेत. प्रत्येक फलकावर एकच सपाट रंग, म्हणजे एक माणूस. ते फलक भिंतीवर लागतात समोर बसलेल्या माणसांच्या नावांच्या अक्षरक्रमाने. आपल्याकडे त्यासाठी हजेरीपट आहेच.

दुसरं काम घर ते शाळा या वाटेचं. पुष्कळ ठिकाणी अशा वेळी वंशवृक्ष काढायला लावतात. मी तो टाळतो. कुणाच्या घरी फक्त आई असते, कुणी मावशीकडे राहतं, आणि आडनावावरून जात ताडणारी नजर मुलांनाही असते. ‘तुझं गाव कुठलं’ हा प्रश्नही दिसतो तितका साधा नाही. आमच्या वर्गात साताऱ्याकडची मुलं आहेत, जुन्नरची आहेत, उत्तर प्रदेशातली आहेत. मार्केटात माथाडी काम करणाऱ्यांची मुलं मे महिन्यात गावी जातात आणि आल्यावर त्याबद्दल भरभरून बोलतात. गावठाणातलं आगरी-कोळी पोर मात्र गप्प बसतं, कारण ते जाणार कुठे? त्याचं गाव हेच. १९७० मध्ये शहर वसवणारं सरकारी महामंडळ, सिडको, स्थापन झालं आणि ९५ गावांच्या जमिनीवर ही नवी मुंबई उभी राहिली. त्याच्या घरासमोरच्या रस्त्याला सेक्टरचा नंबर नंतर पडला.

वाटेच्या नकाशात सगळे एका पातळीवर येतात. नियम दोनच. पट्टी वापरायची नाही, आणि जे महत्त्वाचं वाटतं ते मोठं काढायचं, मग ते प्रत्यक्षात कितीही लहान असो. एका मुलाने ठाणे-बेलापूर रोड दोऱ्याएवढा काढला आणि आजोबा जाळं विणायला बसतात तो ओटा अर्धा कागदभर. जाळ्याची एकेक गाठ काढली होती. टॉवरमध्ये राहणाऱ्या एका मुलीच्या कागदावर निम्मी जागा लिफ्टमधल्या आरशाने घेतली होती, कारण ‘तिथे मी एकटी असते’. असं वाक्य ‘माय फॅमिली’खाली कधी आलं नसतं.

आता वारली. ओळख, संस्कृती असं काही निघालं की आपल्याकडे दोन त्रिकोण जोडून माणसं काढायची टूम आहे. तंत्र म्हणून जरूर शिकवा, पण ती काही अख्ख्या वर्गाची ओळख नव्हे. वर्गात एखादं वारली मूल असेल तर त्याला नमुना म्हणून उभं करू नका. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांच्याकडून घ्यायचं तर वेगळं घ्या. त्यांनी आपल्या पाड्यावरचं रोजचं जगणं रंगवलं: शेत, मासेमारी, तारपा या वाद्याभोवतीचा नाच. ऐरोलीच्या पोराने रोजचं रंगवायचं तर त्यात लोकलचा डबा येईल.

हसरा-रडका मुखवटा करून घेणार असाल तर तुमची मर्जी. मला त्यात दर वर्षी तेच दोन चेहरे मिळतात. त्यापेक्षा आरसा देऊन साधं स्वतःचं चित्र काढून घ्या. डोळे डोक्याच्या उंचीच्या मधोमध असतात एवढं एकच सांगा, नाहीतर सगळे ते कपाळावर चढवतात. सोबत चित्रकार अमृता शेरगिल दाखवा. आई हंगेरियन, वडील पंजाबी, जन्म बुडापेस्टचा. १९३४ मध्ये पॅरिसमध्ये तिने स्वतःला ताहिती बेटावरच्या बाईच्या रूपात रंगवलं. घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी बोलणाऱ्या मुलांना हे फार समजावून सांगावं लागत नाही.

गुण द्यायचेच असतील तर रंग मिसळण्याला, रेषेला, कागदाच्या मांडणीला द्या. आयुष्याला गुण नकोत. भिंतीवर लावण्याआधी प्रत्येकाला विचारा आणि ‘नको’ म्हणणाऱ्याला कारण विचारू नका. एखाद्या चित्रात काळजी वाटावी असं काही दिसलं तर ते स्टाफरूममध्ये फिरवू नका, शाळेच्या समुपदेशकांशी एकट्याने बोला.

आणि हो, रंगाचं काम जून-जुलैत काढू नका. आपल्याकडच्या दमट हवेत कागद दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि गठ्ठा केला की एकमेकांना चिकटतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर घ्या. बाटल्या मोठ्या आणल्यात तर चार वर्गांना पुरतील, फक्त पांढरी एक जास्तीची घ्या, ती आधी संपते.